केटरहॅम सेव्हन: गरम झाली की सेल्फ नुसता 'टक' करतो

सांगलीची_सेव्हन

मंडळी, मी इंग्लंडात डर्बीला राहते. माझ्याकडे १९९९ची केटरहॅम सेव्हन आहे, म्हणजे छोटी, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार, १.६ के-सीरीज इंजिनची. आधीच्या मालकाने सुट्या भागांचं किट आणून स्वतःच्या गॅरेजात जोडलेली. माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली. तेल, प्लग, ब्रेक पॅड, मागचं बेअरिंग, सगळं घरीच केलंय. आता मात्र अडले आहे.

सकाळी थंड असताना एका चावीत उठते. डर्बीहून ए६ रस्त्याने मॅटलॉक बाथ गावापर्यंत सतरा-अठरा मैल जाते, वाटेत कसली कुरकुर नाही. तिथे उतरून चहा घ्यायचा, वीस मिनिटांनी चावी फिरवायची, की बॉनेटखालून एकच 'टक'. दिवे झगझगीत, पेट्रोलचा पंप गुणगुणतो, पण सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरत नाही. पाऊण तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते.

गेल्या रविवारी नवऱ्याने एकट्याने ढकलली. मी दुसऱ्या गिअरला क्लच सोडला आणि लगेच उठली. साडेपाचशे किलोची गाडी, म्हणून जमलं. म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही ठीक आहेत असं मी धरते. बॅटरी सहा महिन्यांची आहे, गाडी उभी असताना १२.६ व्होल्ट दाखवते.

एका गॅरेजवाल्याने फोनवर ऐकूनच सांगितलं, स्टार्टर बदला. पण दोष सापडल्याशिवाय चालता भाग काढून फेकायला माझं मन घेत नाही. बाबांच्या जीपखाली पाने देत देत मी हे सगळं शिकले. ते आधी टेस्ट लॅम्प हातात घ्यायचे आणि मग पाना. मल्टिमीटर आहे माझ्याकडे. कुठून सुरुवात करू?

पुणे_ते_लीड्स

सॉलेनॉइडचे, म्हणजे स्टार्टरला करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचे, आतले कॉन्टॅक्ट झिजले असतील. वय बघता स्टार्टर बदलून मोकळं व्हा, माझं मत.

कॉव्हेंट्रीकर

ताई, बदलायची घाई नको. माझी जुनी सेव्हन आहे, फोर्डच्या क्रॉसफ्लो इंजिनची, आणि तिने मला अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायच्या वाटेचा, धडा दिलाय. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चॅसी यांच्यामध्ये तांब्याची जाड वेणी लागते. ती कुजली की सेल्फचा करंट परतायला दुसरी वाट शोधतो. माझ्या गाडीत ती वाट म्हणजे थ्रॉटल केबल होती. दोन-तीनदा चावी मारून केबलला हात लावला तर चटका बसला! आधी ते बघून घ्या.

अजून एक. लोटस या इंग्लिश कंपनीने १९५७ मध्ये मूळ सेव्हन काढली तेव्हा इंग्लंडात तयार गाडीवर पर्चेस टॅक्स होता, सुट्या किटवर नव्हता. १९७३ मध्ये हक्क केटरहॅमकडे आले, त्याच वर्षी व्हॅट लागू झाला आणि करातला फायदा संपला, पण घरी जोडायची रीत राहिली. त्यामुळे अर्थिंग प्रत्येक गाडीत वेगळ्या हाताने केलेलं असतं. कोणी चॅसीवरचं पावडर कोटिंग खरवडून पत्रा उघडा करतो, कोणी रंगावरच बोल्ट आवळतो. पुढचे विंग (मडगार्ड) फायबरचे, तिथे तर दिव्यांची अर्थिंगही वायरनेच परत आणावी लागते. तुमच्या गाडीचा आधीचा मालक कसा काम करायचा, ते बोल्ट उघडल्यावरच कळेल.

वायरमन_इस्लामपूर

ताई, सांगली म्हणजे आमच्या शेजारचं. ही गाडी मी फोटोतच बघितली आहे, पण रोग ओळखीचा आहे. उसाच्या हंगामात दिवसभर चाललेला ट्रॅक्टर बंद करून ड्रायव्हर जेवायला बसतो आणि उठल्यावर हाच 'टक'. वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय.

गाडी बंद केल्यावर वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण इंजिनातली गरमी बाहेर येतच राहते. म्हणून बॉनेटखाली सगळ्यात जास्त ताप चालताना नसतो, थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी असतो. सॉलेनॉइडची कॉइल तांब्याची. ७० अंशांनी तापली की तिचा रोध साधारण चौथ्या हिश्श्याने वाढतो, त्यामुळे करंट साधारण पाचव्या हिश्श्याने घटतो आणि दांडा ओढायची ताकद कमी पडते. त्यात चावीकडून येणाऱ्या वायरीत आधीच व्होल्ट गळत असतील तर संपलंच.

दुखणं चालू असताना मोजा, थंड गाडीवर काही सापडणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटरचा एक टोचा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग. तिथे ठीक असेल तर एक टोचा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरा सॉलेनॉइडच्या बारीक पिनवर, जिथे चावीकडून वायर येते, आणि परत चावी फिरवायला सांगा. तिथे जो आकडा येईल तितके व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. खुंटीवर टोचा ठेवायचा, क्लॅम्पवर नाही, नाहीतर खुंटी आणि क्लॅम्पमधला दोष लपतो.

सांगलीची_सेव्हन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुद्दाम मीटर घेऊन मॅटलॉक बाथला गेले. वीस मिनिटं थांबले, 'टक' आला. थ्रॉटल केबल थंड होती. ब्लॉक आणि निगेटिव्ह खुंटी यांच्यात ०.१, म्हणजे अर्थिंग उत्तम. आधीच्या मालकाने रंग नीट खरवडलेला निघाला.

मग सॉलेनॉइडची पिन. बॅटरीवर १२.२ आणि पिनपर्यंत पोहोचतायत ९.१. तीन व्होल्ट वाटेतच गायब! घरी आणून टप्प्याटप्प्याने मोजलं. बॅटरीपासून चावीच्या स्विचपर्यंत अर्धा व्होल्ट गेला. स्विचच्या आत १.४ गेले. उरलेले इमोबिलायझर (चोरी रोखणारं यंत्र) आणि त्याच्या पुढच्या वायरीत. डॅशबोर्डखाली डोकं घालून स्विचचा सॉकेट ओढून काढला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या एका घरावर चहाच्या डागासारखा तपकिरी रंग चढलेला होता, आणि त्यातली पितळी पिन हातात घेतली तर तिची चमक गेलेली, कड निळसर. बाकीच्या पिना अजून नव्यासारख्या आहेत. इतकी वर्षं सॉलेनॉइडचा सगळा करंट त्या एका पिनेतून जात होता. स्टार्टर बदलला असता तर नव्याच्या सॉलेनॉइडलाही ९ व्होल्टच मिळाले असते.

वायरमन_इस्लामपूर

रिले टाका, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या पिनांवर आकडे असतात. सॉलेनॉइडवर येणारी जुनी वायर काढून रिलेच्या ८६ला, ८५ अर्थिंगला. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर ३०ला आणि ८७वरून सॉलेनॉइडला. चावीला आता फक्त रिले उचलायचा, त्याला पाव अँपिअरच्या आसपास पुरतो. इमोबिलायझर आहे तसाच काम करेल, कारण हुकूम त्याच्यातूनच येतो. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

सांगलीची_सेव्हन

बसवला. ४० अँपिअरचा रिले, ३० चा फ्यूज बॅटरीला अगदी लागून, ४ चौरस मिलिमीटरची वायर. चॅसीच्या नळीला घासू नये म्हणून वायरीवर रबरी नळी चढवली आणि रिले एक्झॉस्टपासून लांब, पिना खाली तोंड करून लावला, म्हणजे पावसाचं पाणी आत साचायचं नाही. चावीचा सॉकेटही नवा टाकला.

आज परत त्याच चहाच्या दुकानासमोर उभी केली. वीस मिनिटं, मग मुद्दाम आणखी दहा. सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.६ आणि सॉलेनॉइडच्या पिनेवर १०.३. चारदा बंद केली, चारदा पहिल्या चावीला उठली. नवरा ढकलायला म्हणून आधीच उतरून मागे उभा होता, त्याला हाक मारून परत बसवलं.

कॉव्हेंट्रीकर

ताई, झकास काम. रिलेच्या जागेचा एक फोटो टाकाल का? माझ्या गाडीतही चावीपासून सगळी वायरिंग तशीच आहे, येत्या शनिवारी मीही मोजतो.