बाबाच्या इम्प्लांटजवळ हिरडीचा ग्राफ्ट करावा का नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्हा तालुक्यातले. बाबाले खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून लावलेला दात) बसवून दीड वर्ष झालं, हाडानं चांगलं धरलं आहे, पण तिथं ब्रश लागला की आग होते म्हणून ते घासतच नाही अन मग हिरडी सुजते, रक्त येते, हेच चालू आहे. डॉक्टर म्हणे इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी 2 मिमी तरी पाहिजे, बाबाची गालाकडून जवळपास नाहीच, नुसती गालाची पातळ कातडी वढल्या जाते. म्हणून टाळूची कातडी काढून तिथं शिवायची, फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट म्हणते त्याले.

मले धास्ती टाळूच्या जखमेची. भरायले दोन-तीन आठवडे तरी जाते म्हणे. दुसरा उपाय कोलॅजनची तयार पट्टी, टाळू कापा लागत नाही, पण घट्ट हिरडी टाळूच्या ग्राफ्टएवढी बनत नाही, अन ती पट्टी बहुतेक डुकराच्या कोलॅजनची असते. बाबा माळकरी, सांगू कसं! (माळ घातली पण तंबाखू-सुपारीचा खर्रा काही सुटला नाही, अन तंबाखूनं ग्राफ्ट नीट धरत नाही हे डॉक्टरनं दोनदा बजावलं.)

कोणी केलं असन तर सांगा, जखम झाकायले टाळूवर प्लास्टिकची प्लेट लावून दिली होती का, भाकर कधीपासून खाता आली? नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कोणी करून घेतलं का, किती चकरा झाल्या? कापूस वेचणीच्या आधी उरकायचं आहे.