गोगलगायींची अंडी: सगळ्यांना एकच नियम नको

‘घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत गोगलगायींची पिल्लं जगतच नाहीत, काचेवरची अंडी खरवडून टाका,’ असा सल्ला एकाने दिलाय. नॅसेरियसपुरतं (वाळूत राहणारी समुद्री गोगलगाय) ते बरंचसं खरं आहे. तिची अळी पाण्यात तरंगते, बारीक शेवाळ खाते आणि तेवढ्यात पंपात किंवा स्किमरमध्ये (फेसासोबत पाण्यातली घाण काढणारं यंत्र) संपते. ट्रोकसचं (शेवाळ खाणारी, शंकूसारख्या शंखाची गोगलगाय) तसं नाही. ती काचेला अंडी चिकटवत नाही, नर-मादी थेट पाण्यातच बीज सोडतात. अळी स्वतःच्या पिवळकावर (अंड्यातल्या बलकावर) जगते, वेगळं खाणं लागत नाही आणि काही दिवसांतच दगडावर बसते. म्हणून ती घरातही वाढते.

माझ्याकडे सोलापुरात मे महिन्यात, पाणी बदललं त्याच रात्री नर काचेवर वर चढून पांढऱ्या धुरासारखं बीज सोडायला लागले. पाणी गढूळ झालं. मी स्किमर रात्रभर बंद ठेवला, फक्त हवेचा दगड (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा) चालू ठेवला. अडीच महिन्यांनी दगडामागे ज्वारीच्या दाण्याएवढी अकरा पिल्लं दिसली! आपल्याकडच्या कोरड्या उन्हात मात्र पाणी भराभर उडतं आणि क्षार चढतो. पिल्लं असतील तर रोज आरओचं गोडं पाणी थोडं थोडं घाला, आठवड्याचं एकदम नको.