सासूला 'आत्या' म्हणायचं की 'आई'?

मिरजेची सून
लग्नाला अकरा वर्षं झाली. सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून 'आत्या' म्हणते आणि सासऱ्यांना 'मामा'. आमच्याकडे बहुतेक घरांत हीच हाक. यंदा धाकट्या भावजींचं लग्न झालं. नवी जाऊ पुण्याची, ती 'आई' म्हणते. परवा नणंद माझ्यासमोरच म्हणाली, "वहिनी, तुम्ही अजून आत्याच म्हणता? परकं वाटतं हो ते." मनाला लागलं.

मला हा शब्द परका मुळीच वाटत नाही. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते ती आत्या, आणि मग बायकांचे धपाटे पाठीत खाते तीही आत्याच. लेकीच्या दृष्टीनं ती वडिलांकडचं हक्काचं माणूस. ज्या घरांत मामाची मुलगी करायची रीत होती, तिथं मुलगी खरोखरच आत्याच्या घरी सून म्हणून जायची. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, 'मामंजी' हा शब्दही त्यातलाच. सुभद्रेची सासू कुंती, आणि कुंती वसुदेवाची बहीण, म्हणजे सुभद्रेची सख्खी आत्याच की. आई मला एक आहे, ती माहेरी आहे. सासूला आत्या म्हटल्यानं माया कमी होते हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

नाशिककर
ताई, तुमची माया खरी आहे, पण त्या शब्दामागची रीत तुम्ही फार गोड करून सांगताय. मामाच्या पोरीवर 'हक्क' असतो हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. माझी थोरली बहीण सातवीत होती तेव्हापासून तिला आतेभावाच्या नावानं चिडवायचे. तो घरी आला की ती मागच्या दारानं शेजारी जाऊन बसायची. शेवटी वडील ठाम राहिले म्हणून ती सुटली, पण त्या आत्याचं आमच्याकडे येणं कायमचं बंद झालं.

सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. त्यामुळे काही आनुवंशिक आजार मुलांत उतरण्याचा धोका वाढतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही असं लग्न सपिंडात, म्हणजे लग्नाला मनाई असलेल्या जवळच्या नात्यात मोडतं, फक्त रूढी असेल तर सूट आहे. सासूला आत्या म्हणणं म्हणजे ती रूढी रोजच्या बोलण्यात जिवंत ठेवणं. 'आई' म्हणा, नाहीतर 'सासूबाई' म्हणा.

बेळगावकर
शब्दाचं मूळ बघितल्याशिवाय हा वाद अर्धवट राहील. आमच्या शेजारची कानडी सून सासूला 'अत्ती' म्हणते. पुस्तकी कन्नडात ते 'अत्ते'. आत्या, सासू आणि मामी, तिघींना हा एकच शब्द. तसंच 'माव' म्हणजे सासरा, आणि आईचा भाऊ तो 'सोदरमाव'. तेलुगूत 'अत्त', तमिळमध्ये 'अत्तै'. मिरजेच्या ताई सासू-सासऱ्यांना ज्या हाका मारतात त्यांची मांडणी थेट हीच आहे.

आता मावशी बघा. ती संस्कृत 'मातृष्वसा'पासून प्राकृतातून सरळ आली. त्याच वाटेनं वडिलांची बहीण 'पितृष्वसा'पासून यायला हवी होती, पण आत्या तिथून आलेली नाही. खानदेशात 'फुई' म्हणतात, गुजरातीत 'फोई', हिंदीत 'फूफी' किंवा 'बुआ'. म्हणजे तापीकाठी उत्तरेकडचा शब्द आणि कृष्णाकाठी दक्षिणेचा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी 1953 च्या नातेसंबंधांवरच्या पुस्तकात महाराष्ट्रात उत्तर आणि दक्षिण रीती एकमेकींत मिसळतात हे दाखवलं होतं. या एका शब्दात ते दिसतं.

प्राकृतप्रेमी
दक्षिणेचं नातं मान्य, पण आत्या कानडीकडून उसनी आणली असं म्हणू नका. गाथासप्तशती या सातवाहनकाळातल्या काव्यसंग्रहात, म्हणजे आपल्याच माहाराष्ट्री प्राकृतात, 'अत्ता' हा शब्द सासू या अर्थानं आलाय. ती गाथा प्रसिद्ध आहे, वाटसरूला सून सांगते की इथं सासू झोपते आणि इथं मी. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'अत्तिका' म्हणजे थोरली बहीण. मराठी नाव घेऊन उभी राहण्याच्या कितीतरी आधी हा शब्द गोदेकाठच्या घरांत होता. नणंदबाईंना सांगा, 'आत्या' हा गावंढळ शब्द नाही.

बेळगावकर
उसना कुठं म्हटलं? प्राकृतात जुना असला म्हणून द्राविड नाही असं होत नाही. सातवाहनांचं राज्य पैठणपासून आंध्रापर्यंत होतं, घरातले शब्द इकडून तिकडे जाणारच. आणि बौधायन धर्मसूत्र या प्राचीन धर्मग्रंथात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेची चाल म्हणून सांगितलीय. रीत आणि शब्द एकाच दिशेनं आले असं मी मानतो.

रत्नागिरीची लेक
आमच्याकडे मामेबहीण म्हणजे बहीणच. त्यामुळे सासूला आत्या म्हणायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि मग नवऱ्याच्या आत्याला, आतेसासूला, काय हाक मारता?

मिरजेची सून
गावाच्या नावानं. 'जतच्या आत्या', 'तासगावच्या आत्या'. कधी गोंधळ होत नाही.

नाशिककर
मूळ कानडी असो की प्राकृत, मला एकच विचारायचंय. ज्या बाईला तुम्ही आत्या म्हणता, त्यांची सासू त्यांची खरी आत्या होती का? आणि लग्नाआधी त्यांना कुणी विचारलं होतं?

मिरजेची सून
काल रात्री भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा विचारलं. हो, सख्खी आत्या. सोळाव्या वर्षी लग्न झालं. आत्यानं मागणी घातली, वडील बहिणीला नाही म्हणू शकले नाहीत. "मला कोण विचारतंय? माझी शाळा राहिली," एवढंच म्हणाल्या आणि शेंगा फोडत राहिल्या. मग थोड्या वेळानं, "पण बाळंतपणात आत्यानंच जपलं हो. आईनं सुद्धा एवढं नसतं केलं."

नाशिककरदादा, तुमचं अर्धं मला पटलं. मी त्यांना आत्याच म्हणणार, त्यांनाही तेच आवडतं, मुद्दाम विचारून घेतलं. पण माझ्या भावाची मुलगी पाच वर्षांची आहे, मला आत्या म्हणते. गेल्या महिन्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी माझ्या मुलाला म्हणालं, "ही बघ तुझी बायको." तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. आज सकाळी त्यांना फोन केला आणि पुन्हा असं बोलू नका म्हणून सांगितलं.