जावात ०२२ लिहिलं की १८ का छापलं जातं?

ऐरोलीकर:
शाखांचे एसटीडी कोड इंटच्या ॲरेत (पूर्णांकांच्या यादीत) थेट लिहिले आहेत. वाशी आणि नौपाडा दोन्हींना ०२२, पण छापताना १८ येतं. पुण्याच्या ०२० चं १६, नाशिकच्या ०२५३ चं १७१. लातूरचा ०२३८२ टाकला तर कंपाइलच होत नाही, ‘संख्या फार मोठी’ असा एरर. इंटमध्ये दोनशे कोटींच्या वर मावतं ना? जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) ८ आहे.

नौपाडा_कोडर:
सुरुवातीच्या शून्याचा खेळ आहे. ही रीत सी मधून आली: शून्याने सुरू होणारा पूर्णांक ऑक्टल, म्हणजे पाया ८. ०२२ म्हणजे २×८ + २ = १८. ०२५३ म्हणजे २×६४ + ५×८ + ३ = १७१. ऑक्टलमध्ये ० ते ७ एवढेच अंक. लातूरच्या कोडात ८ आहे, तिथे अडलं. एररचा मजकूर साफ चुकीच्या वाटेला लावतो, आकाराचा इथे संबंधच नाही. पायथन ३ असा लिटरल (कोडात थेट लिहिलेला आकडा) घेतच नाही, ते कितीतरी बरं.

घणसोली_देव:
मग २२ लिहा आणि छापताना तीन अंकी फॉरमॅट लावा.

नौपाडा_कोडर:
नको. वाशी जमेल, नाशिकचे २५३ आधीच तीन अंकी, त्यांना शून्य मिळणारच नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते स्ट्रिंगमध्येच, म्हणजे मजकूर म्हणून ठेवा. मोबाइल नंबरही तसाच. तो इंटच्या २१४७४८३६४७ या मर्यादेत बसतच नाही.

कळवा_डीबी:
आणि डेटाबेसमध्ये आधी काय साठलंय ते बघा, खरी कटकट तिथे आहे. ॲरेतून गेलेल्या ओळींत १८ असेल. फॉर्ममधून आलेलं ‘०२२’ पार्सइंटने (मजकुराचा आकडा करणारं जावाचं फंक्शन) वाचलं असेल तर २२, कारण ते पाया १० धरतं. कुणी त्याऐवजी डिकोड हे फंक्शन वापरलं असेल तर पुन्हा १८, ते सुरुवातीचं शून्य बघून ऑक्टल धरतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये वाशी दोन रूपांत. सरसकट एक अपडेट चालवू नका, शाखेच्या गावावरून जुळवा. सीएसव्ही काढून एक्सेलमध्ये तपासणार असाल तर इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट ठेवा, नाहीतर शून्य तिथेही गळेल.

ऐरोलीकर:
पार्सइंटच आहे, दोन्ही आकडे सापडले. व्हारकॅर (मजकुराच्या कॉलमची कमाल लांबी) किती ठेवू?

कळवा_डीबी:
५ पुरे, शून्य धरून. तपासणी अशी लावा: पहिलं शून्य, पुढे २ ते ४ अंक.