मदत हवी आहे: धान्य खरेदी गटातली तूट, पाळ्या आणि पावसाळा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

राजारामपुरी आणि आसपासची साठेक घरं मिळून आम्ही धान्य-किराण्याचा गट चालवतो. दुकान नाही, एका सभासदांच्या बंगल्यातली तळमजल्याची खोली आहे. आजऱ्याहून घनसाळ तांदूळ, गडहिंग्लजकडून शेंगदाणे आणि ओळखीच्या गुऱ्हाळातून बिनरसायनाचा गूळ थेट येतो. डाळी, गहू, ज्वारी लक्ष्मीपुरीतून पोत्यानं. शनिवारी संध्याकाळी वाटप. खरेदीचं बरं चाललंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही. अडतंय ते खोलीच्या आत.

सगळ्यात मोठं दुखणं तूट. ५० किलोचं पोतं वाटून संपतं तेव्हा हिशेबात ४८-४९ किलोच लागतात. डाळ असो, दाणे असोत, प्रत्येकात थोडं थोडं. चोरी कुणी करत नाही, याची मला खात्री आहे. पण महिन्याचा हिशेब वाचला की त्या शनिवारी ज्यांची वाटपाची पाळी होती त्यांच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. एका वहिनींनी त्यावरून पाळीच सोडली. फुकट राबायचं आणि वर संशय, कोण करेल? काहीजण म्हणतात तूट भावात धरा. काहींचं म्हणणं, ज्याची पाळी त्यानं भरून द्यावी. हे दुसरं मला अजिबात पटत नाही. पण नुसतं भावात धरलं तर काट्याकडे कुणी बघायचंही नाही, ही भीती आहेच.

पाळ्यांची यादी भिंतीवर आहे, येणारी माणसं मात्र ठरलेली सहा-सात, त्यातही बायकाच जास्त. पुरुष मंडळी पोती उतरवायला येतात, मग चहा, मग राजकारण. पगारी माणूस ठेवावा का? पैसे कुठून काढायचे?

मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ‘माझे पण २ किलो’. कशाचे? वर चढत जावं तर सुप्रभात, वाढदिवस आणि कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची चौकशी.

पावसाळ्यात गूळ पाघळतो, तांदळात सोंडे होतात. बोरिक पावडरीला निम्म्या घरांचा विरोध आहे. आणि शेवटचं, संस्था म्हणून नोंदणी करावी का? पैसे सध्या एकाच्या खात्यावर जमतात, त्यांनाही ते नको झालंय.

ज्यांनी असं काही प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगा.

जुना मापाडी:
ताई, मी बरीच वर्षं एका ग्राहक भांडाराची कोठी सांभाळली. आधी तूट कशाकशाची ते वेगळं काढा. आलेलं पोतं बारदानासकट तोलून वहीत चढवता का? रिकामं तागाचं पोतं अर्धा-पाऊण किलो सहज भरतं. ते ‘माल’ म्हणून जमा झालं की तूट तिथंच पडली, वाटणाऱ्याचा काय दोष!

दुसरं झुकतं माप. अर्ध्या किलोच्या पुडीत ५ ग्रॅम जादा गेले तर ५० किलोच्या पोत्यामागं शंभर पुड्या, म्हणजे अर्धा किलो. १० ग्रॅम गेले तर किलो. तिसरी सुकीची तूट. नव्या तांदळात, दाण्यात ओल असते, ठेवलं की वजन उतरतं. निवडलेला कचरा आणि गुळाचा चुरा फेकू नका, वेगळा तोलून लिहा. चुरा चहाला जातोच.

प्रत्येक मालाचं साठापत्रक करा. निव्वळ आवक, वाटप, कचरा, शिल्लक. जुनं पोतं शून्य झाल्याशिवाय नवं फोडायचं नाही. तूट पोत्याच्या नावावर लिहायची, माणसाच्या नाही. दोन-तीन महिन्यांत कुठल्या मालाला किती तूट लागते ते कळेल. तेवढी हमाली-गाडीभाड्याबरोबर पडत्यात, म्हणजे मालाच्या मूळ खर्चात धरा. चौकशी करायची ती त्याच्यावर गेली तरच.

काट्याच्या पट्टीवर किमान वजन छापलेलं असतं, ते वाचा. ५ ग्रॅमच्या भागाच्या, म्हणजे ५-५ ग्रॅमनं आकडा सरकणाऱ्या काट्यावर ते १०० ग्रॅम असतं. त्याच्यावर ५० ग्रॅम वेलदोडे तोलायचे नाहीत, त्याला छोटा काटा घ्या. वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का दरवर्षी.

कोठीघर:
वरच्याशी सहमत. पावसाळ्याचं उत्तर आपल्या आज्यांकडेच आहे, वर्षाचं धान्य. एप्रिल-मेमध्येच गहू-तांदूळ वाळवून घरोघरी पोचते करा. पावसाळ्यात खोलीत जेवढं कमी तेवढं बरं. राहील ते फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. गुळाचा रवा, म्हणजे मोठी ढेप, पावसात फोडायचाच नाही. एक-एक किलोच्या ढेपा मागवा आणि घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा. बोरिक नको असेल तर हवाबंद पिशव्यांचं अस्तर मिळतं. हवा तुटली की सोंडे जगत नाहीत. डाळींना एरंडेलाचा हात.

मागणीसाठी गूगल फॉर्म, बुधवारी रात्री बंद. नंतर आलेल्याला पुढचा शनिवार, मग तो अध्यक्ष असला तरी.

पगारी माणसाचं: साठ घरांनी महिना शंभर रुपये काढले तर सहा हजार. पाळी करणाऱ्याला त्या महिन्याची वर्गणी माफ. माफी धरूनही साडेचार-पाच हजार उरतात, त्यात शुक्रवार-शनिवार संध्याकाळचा माणूस बसतो. पाळी चुकवणाऱ्याला दंड लावू नका, त्यानं फक्त भांडणं होतात.

सहकारप्रेमी:
१९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहाजण लागतात, ते तुमच्याकडे आहेत. पण नोंदणीनंतर दरवर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, विवरणपत्रं हे सगळं मागं लागतं. साठापत्रक सहा महिने नीट चाललं तरच त्या वाटेला जा. तोवर निदान दोघांच्या सहीचं वेगळं संयुक्त खातं काढा. आणि उधारीचा उल्लेख केला नाहीत, म्हणजे नक्की आहे! इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये सहकारी भांडार काढलं तेव्हा रोखीचाच नियम ठेवला होता.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. उधारी आहे हो, शेजारपाजारात नाही कसं म्हणायचं? मापाडीकाका, एकच शंका. साठापत्रक कुणी लिहायचं? वाटप करणाऱ्यांनीच लिहिलं तर परत तेच बोलणं ऐकायला लागेल.

जुना मापाडी:
तोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि दोघं एका घरातले नकोत. शनिवारी खोली बंद करायच्या आधी दोघांच्या सह्या. पाळी सोडलेल्या वहिनींना लिहायला बसवा की, हिशेब त्यांच्याच हातात राहील. उधारीचं म्हणाल तर आगाऊ भरणा घ्या: महिन्याच्या सुरुवातीला हजार-दोन हजार जमा, त्यातून माल वजा. मग शेजाऱ्याला नाही म्हणायची वेळच येत नाही.