अनुभव धागा: तीच राइड, दुसरा देश

डिस्नीची रिसॉर्ट्स जगात सहा ठिकाणी आहेत: ॲनाहाइम (१९५५), ऑर्लँडो (१९७१), टोकियो (१९८३), पॅरिस (१९९२), हाँगकाँग (२००५) आणि शांघाय (२०१६). ‘यातलं सगळ्यात भारी कुठलं?’ असं विचारलं की दुसऱ्या मिनिटाला जुंपते, आणि जो तो आपण आधी पाहिलेल्याचीच बाजू घेतो. म्हणून हा प्रश्न इथे नको. एकच राइड किंवा एकच कोपरा निवडा. तो दोन ठिकाणी स्वतः पाहिलेला हवा, व्हिडिओवरचा चालणार नाही. काय वेगळं दिसलं तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. हाँटेड मॅन्शन, म्हणजे भुतांच्या वाड्याची राइड. माझं पहिलं ऑर्लँडोचं. सुरुवातीला एका बिनदाराच्या खोलीत उभं करतात आणि बघता बघता भिंती लांबत जातात, तसबिरी खाली उलगडत जातात. तिथे छत वर सरकतं, आपण जागच्या जागी असतो. काही वर्षांनी ॲनाहाइमला गेले तेव्हा मी नवऱ्याच्या कानात आगाऊपणे सांगितलं, “आता छत वर जाणार बघ.” खोली लांबली खरी, पण पोटात अगदी बारीकसं हलकं वाटलं. ती लिफ्ट होती! आख्खी खोली खाली चालली होती. कारण असं की ॲनाहाइमच्या पार्कभोवती मातीचा बांध आहे, त्यावरून आगगाडी फिरते, आणि राइडची खरी इमारत बांधाच्या पलीकडे आहे. माणसांना रुळांखालून पलीकडे न्यायचं, तेही त्यांना कळू न देता, म्हणून ही युक्ती. ऑर्लँडोत खाली उतरायची गरजच नव्हती, पण तोवर लोकांना खोली इतकी आवडली होती की गंमत तेवढी ठेवली. मी इतकी वर्षं नकलेलाच अस्सल समजत होते.

*

फार छान विषय. वरच्या लिफ्टला जोडूनच लिहितो.

पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. ॲनाहाइमला होडी दोनदा धबधब्यावरून खाली घसरते. कारण तेच, रुळांखालून जायचंय. ऑर्लँडोत एकदाच घसरते आणि राइडही बरीच लवकर संपते. ॲनाहाइमवाले याच मुद्द्यावर ऑर्लँडोवाल्यांना टोमणे मारतात. मी त्यात पडत नाही (पडतो, पण घरात).

मला खरा फरक पॅरिसला कळला. ॲनाहाइममध्ये घसरल्यावर आधी गुहेतले सांगाडे दिसतात. खजिन्यावर बसलेला सांगाडा, सुकाणू धरून उभा असलेला सांगाडा. मग पुढे जिवंत चाचे, लढाई, लुटालूट, आग. म्हणजे शेवट आधी कळलेला असतो आणि मग आपण मागे जातो. पॅरिसला होडी आधी वर चढते, किल्ल्यावरचा हल्ला दिसतो, धुमाकूळ होतो आणि सांगाडे शेवटाकडे येतात. प्रसंग जवळजवळ तेच, पण गोष्ट वेगळी झाली. पॅरिसची म्हणजे सरळ ‘करावे तसे भरावे’. ॲनाहाइमची ही मेलेल्यांची आठवण आहे. १९६७ मधली मांडणी, पण अजून अंगावर येते.

बायकोला पॅरिसची पटते. तिचं म्हणणं, “गोष्ट सुरुवातीपासून सांगावी.” आमच्यात हे मिटलेलं नाही.

*

रुमाल टाकून ठेवतो. शांघायबद्दल रात्री सविस्तर.

*

जंगल क्रूझ! ती होडीची फेरी कमी आणि होडी चालवणाऱ्याची बडबड जास्त असते. ॲनाहाइमला तो माणूस पडेल चेहऱ्याने एकामागून एक रद्दड कोट्या करतो. धबधब्यामागून होडी नेतात तेव्हा फार मोठं आश्चर्य दाखवल्यासारखा म्हणतो, ही पाण्याची मागची बाजू. लोक कण्हतात, तेच हवं असतं.

टोकियोला सगळं जपानीत. मला एक शब्द कळला नाही. पण चालक कोट्या करून गप्प बसणारा नव्हता, तो नाटक करत होता. पाणघोडे आले की खरोखर घाबरायचा, ओरडायचा, आणि आख्खी होडी त्याच्या बरोबरीने ओरडायची. ॲनाहाइममध्ये जंगल खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, विनोद त्याचाच असतो. टोकियोला ते खरं आहे असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. भाषा कळली असती तर बहुधा हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

हाँगकाँगला भाषेप्रमाणे तीन रांगा असतात: कँटनीज, इंग्रजी, मँडरिन. मुलाने सगळ्यात छोटी रांग शोधली आणि मी पाटी न वाचता त्याच्यामागे गेले. पुढे काय झालं ते सांगायला नको. शेवटी मात्र अग्नी आणि जल अशा दोन देवतांची जुंपते, ज्वाळा उठतात, पाणी उसळतं. तिथे कुठलीच भाषा लागत नाही.

*

मी पॅरिसवाला. आमच्या पार्कला लोक ‘तेही आहे’ म्हणून शेवटी मोजतात, म्हणून जरा लांब लिहितो.

बिग थंडर माउंटन अमेरिकेत दोन्ही ठिकाणी आहे, टोकियोलाही आहे. खाणीतली पळत सुटलेली आगगाडी, लाल डोंगर, सगळं ओळखीचं. पण बाकीकडे डोंगर नदीकाठी बांधला आणि पॅरिसला तो नदीच्या मधोमध बेटावर आहे. मग गाडी तिथे जाते कशी? आपण बसतो अलीकडच्या काठावर. गाडी सुटते ती सरळ अंधारात, पाण्याखालच्या बोगद्यातून, आणि बाहेर येते ती बेटावर. परत यायलाही तसंच पाण्याखालून, आणि हा परतीचा बोगदा म्हणजे राइडचा सगळ्यात वेगवान भाग. बाकी ठिकाणी शेवट जवळ आला की गाडी निवत जाते. इथे शेवटच्या क्षणीच काळजाचा ठोका चुकतो. मी ऑर्लँडोला बसलो तेव्हा शेवटच्या वळणानंतर दांडी घट्ट धरून बोगद्याची वाट बघत राहिलो. गाडी फलाटावर थांबली. शेजारचा उतरूनही गेला.

दुसरं, पाऊस. तिकडचं आभाळ बरेचदा राखाडी असतं. दारापासून किल्ल्याकडे जाणाऱ्या मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या मागून, छत असलेले लांब पॅसेज आहेत. कोरड्या अंगाने किल्ल्यापर्यंत पोचता येतं. टोकियोने याच प्रश्नाला दुसरं उत्तर दिलं: आख्ख्या रस्त्यावरच काचेचं छप्पर टाकलं. सोयीला टोकियो वरचढ, मान्य. पण छपराखाली रस्ता रस्ता राहत नाही, बाजार होतो (त्यांनी नावही वर्ल्ड बझार ठेवलंय, म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे). पॅरिसला वर आभाळ राहतं आणि भिजायचं की नाही ते आपण ठरवतो.

आणि किल्ल्याखाली तळघरात ड्रॅगन आहे. साखळदंडात, अंधारात झोपलेला, मधूनच डोळे उघडून गुरगुरणारा. बाकीच्या पाच किल्ल्यांखाली असा ड्रॅगन नाही. धाग्याचा नियम दोन ठिकाणांचा आहे हे माहीत आहे. तरी लिहिलं.

*

नियम मोडला तरी ड्रॅगनला माफ. :)

*

किल्ला आलाच आहे तर माझंही. लहानपणापासून डोक्यात ऑर्लँडोचा किल्ला, १८९ फुटांचा. तिथे पोचणंही एक यात्राच आहे. गाडी लावायची, मग मोनोरेल किंवा बोटीने तलाव ओलांडायचा, आणि पाण्यापलीकडे तो हळूहळू मोठा होत जातो. ॲनाहाइमला मोटेलांच्या रस्त्यावरून चालत आत शिरलो, समोर बघितलं आणि तोंडून निघालं, “हा एवढासाच?” ७७ फूट! मुलीने हळूच विचारलं, “बाबा, खरा मागे आहे का?”

चिडून आम्ही मेन स्ट्रीटवर परत आलो. तिथे अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर एका खिडकीत दिवा दिसला, भर दिवसा लावलेला. ती वॉल्ट डिस्नीची छोटी राहायची जागा, आणि दिवा त्याच्या आठवणीत तेवत ठेवतात. मग डोक्यात हिशोब सुरू झाला. तो डिसेंबर १९६६ मध्ये गेला. ऑर्लँडो उघडलं १९७१ ला. सहांपैकी ॲनाहाइम हे एकच, जिथे तो स्वतः फिरला. संध्याकाळी परत किल्ल्यासमोर उभा राहिलो तेव्हा तो मोठा झाला नव्हता, पण मला त्याच्या उंचीची अडचण वाटेनाशी झाली होती. वरचे दगड मुद्दाम लहान लहान करत नेलेत, उंच भासावा म्हणून, हेही तेव्हाच दिसलं.

आता हाँगकाँग. तिथला मूळ किल्ला ॲनाहाइमचीच प्रतिकृती होता. तो मी आधी पाहिला होता, मागे लांटाऊचे हिरवे डोंगर, त्यांच्यापुढे बिचारा आणखीच बुटका. नंतर त्याच्यावरच चढवत नवा उंच किल्ला बांधला, २०२० मध्ये खुला झाला. पुन्हा गेलो तेव्हा तो छान वाटला, पण डोळे खालच्या भागात जुन्याला शोधत होते.

*

टोकियोबद्दल एवढंच सांगेन की इमारतींपेक्षा माणसं बघा. परेडच्या तासभर आधी लोक जमिनीवर पातळ चटया अंथरून बसतात. पुढच्या रांगा बसलेल्याच राहतात, त्यामुळे मागच्यांनाही दिसतं. ऑर्लँडोला मी दोन वेळा परेड पाहिली आणि दोन्ही वेळा समोर कोणाच्या तरी खांद्यावर एक मूल होतं. (त्यातलं एक माझ्याच भावाच्या खांद्यावर होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.) पॉपकॉर्नच्या गाड्यांवर वेगवेगळे स्वाद, करीसुद्धा. लोक गळ्यात पॉपकॉर्नच्या बादल्या अडकवून एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जातात. हे पार्क डिस्नीच्या मालकीचं नाही, ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी परवान्यावर चालवते, हे अनेकांना तिथे जाऊन आल्यावर कळतं.

शेजारचं डिस्नीसी हे दुसरं पार्क (२००१) जुळं नसलेलं, एकुलतं एक. पण आतला टॉवर ऑफ टेरर दोन्हीकडे पाहिलाय. ऑर्लँडोत लिफ्ट वर जाता जाता चक्क शाफ्टमधून बाहेर येऊन आडवी चालायला लागते आणि मग पडते. टोकियोच्या लिफ्टला हे येत नाही. पण तिथे गोष्ट नवी आहे: हॅरिसन हायटॉवर नावाचा लुटारू संग्राहक, त्याने आणलेली मूर्ती, आणि १८९९ च्या शेवटच्या रात्री त्याचं गायब होणं. रांगेतल्या खोलीत ती छोटी मूर्ती डोळ्यांदेखत नाहीशी होते. तीन वेळा टक लावून पाहिलं, कशी जाते कळलं नाही. आडवी चालणारी लिफ्ट अभियंत्याला विचारली तर तो समजावून सांगेल. मूर्तीचं कुणाला विचारणार?

*

रुमालवाला परत आलो.

शांघायला पहिला दिवस मी वाया घालवला, दोष माझाच. मनातल्या मनात एक यादी होती आणि मी फुल्या मारत हिंडत होतो. मेन स्ट्रीट नाही, मिकी ॲव्हेन्यू आहे. भोवतीची आगगाडी नाही. स्पेस माउंटन नाही. जंगल क्रूझ नाही. हाँटेड मॅन्शन नाही. संध्याकाळी बायको म्हणाली, “तू मुलगी बघायला आलायस आणि तिच्या थोरल्या बहिणीचे फोटो काढून बसलायस.”

दुसऱ्या दिवशी यादी सोडली आणि पायरेट्समध्ये बसलो. वर ज्यांनी ॲनाहाइम की पॅरिस असा वाद घातलाय त्यांना सांगतो, इथे होडी वळते, आडवी जाते, उलटी जाते, तिला पाण्याखालून चुंबकाने चालवतात. प्रचंड पडदा आणि खरं नेपथ्य यांची सीमा कुठे आहे ते सापडत नाही. ते तुमचं पायरेट्स नव्हेच, फक्त नाव तेच.

मग ट्रॉन. मोटारसायकलवर बसल्यासारखं पुढे झुकून बसायचं आणि ती सुटते. २०२३ मध्ये ऑर्लँडोला तीच राइड आली. तिथे बसलो. ट्रॅक तोच, झुकणं तेच, आणि शेजारची अमेरिकन बाई कौतुकाने म्हणाली की अशी गोष्ट इथेच होऊ शकते. मी काही बोललो नाही. १९७१ च्या पार्कात बसून मला शांघायची आठवण येत होती.

*

डिस्नी सोडून चालेल का? युनिव्हर्सलचा हॅरी पॉटरचा किल्ला मी ऑर्लँडो (२०१०) आणि ओसाका (२०१४) दोन्हीकडे पाहिला. आतली राइड सारखीच. पण ओसाकाला किल्ल्यासमोर काळं तळं आहे आणि वारा पडला की आख्खा किल्ला पाण्यात उलटा दिसतो. तेवढ्यासाठी मी राइड सोडून तळ्याकाठी उभा होतो.

*

चालेल की.

*

शेवटी माझ्या आईचं लिहिते, कारण आमच्यात खरी तुलनाकार तीच. गुडघ्यांमुळे तिला दोनच गोष्टी झेपतात, बाक आणि ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’. ही राइड मुळात १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी केलेली. ऑर्लँडोला होडीत चढणं-उतरणं छपराखाली. ॲनाहाइमला बाहेर, उघड्यावर, त्या पांढऱ्या-सोनेरी भिंतीसमोर आणि डुलणाऱ्या घड्याळाखाली. आई म्हणाली, “तिकडे सरळ माजघरात नेलं होतं. इथे आधी अंगण आहे.” यापेक्षा चांगलं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

हाँगकाँगला तिसऱ्यांदा तीच राइड. तिथेही बाहुल्या त्याच वळणाच्या, सूरही तोच. मला वाटलं कंटाळेल. ती आत प्रत्येक वळणावर मान वळवून बघत होती. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाली, “ती पतंगवाली कुठे दिसली नाही. डावीकडे बसायला हवं होतं.” आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. मी बाकावर, चार पिशव्या सांभाळत.