मदत हवी आहे: जिम स्टाइन्सची सुरुवातीची वर्षं

मंडळी, इथे ऑस्ट्रेलियन फुटी (अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा ऑस्ट्रेलियन फुटबॉल) नियमित बघणारं कुणी आहे का? जिम स्टाइन्सवर थोडं लिहितोय. डब्लिनचा हा पोरगा गेलिक फुटबॉलच्या (आयर्लंडचा पारंपरिक फुटबॉल) गोल चेंडूवर वाढलेला. 1984 मध्ये मेलबर्न क्लबने त्याला निवडलं, तेव्हा जेमतेम अठराचा. 1987 मध्ये पदार्पण, आणि त्याच मोसमात हॉथॉर्नविरुद्ध प्रिलिमिनरी फायनलमध्ये (अंतिम सामन्याआधीची फेरी) तो हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराच्या फ्री किकसमोरून आडवा धावला. 15 मीटरचा दंड (म्हणजे किक तेवढी गोलच्या जवळून), सामना संपल्याच्या भोंग्यानंतर गोल, मेलबर्न 2 गुणांनी बाहेर! 1991 मध्ये मात्र ब्राउनलो पदक (लीगमधल्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) याच्याच गळ्यात (कमाल आहे ना?).

माझं अडलंय ते इथे: फ्री किकच्या वेळी बाकीच्या खेळाडूंनी नेमकं कुठून जायचं नसतं? आणि नवख्या रकमनला (खेळ सुरू होताना उंच उडी मारून चेंडू सहकाऱ्यांकडे ढकलणारा उंच खेळाडू) आधी काय शिकवतात, उडी की चेंडू कुठे ढकलायचा ते? जाणकारांनी सोप्या शब्दांत सांगा.